पाना हातात घेण्याआधी: गोव्यातल्या घरांत प्लंबिंग करताना जीव कसा सांभाळायचा

फोंडा तालुक्यातलं एक जुनं चिरेबंदी घर. पावसाच्या तोंडावर न्हाणीची पाइपलाइन बदलायची होती. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून इतका पातळ झाला होता की नखानं पापुद्रे निघत होते. मेन व्हॉल्व्ह बंद केला, खालचा नळ उघडून पाणी सोडलं आणि हॅकसॉ लावला. पाइपाचे दोन तुकडे सुटे झाले त्या क्षणी दोन टोकांमध्ये निळी ठिणगी उडाली आणि माझा डावा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. हात आपोआप मागे फेकला गेला म्हणून मी आज हे लिहितो आहे.

झालं होतं असं: कोणीतरी पूर्वी विहिरीवरच्या मोटरची अर्थिंगची वायर त्याच पाइपाला गुंडाळली होती. मोटरचं वाइंडिंग खराब होऊन करंट बॉडीत उतरत होता. पाइप अखंड होता तोवर तो करंट जमिनीत जात होता आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता. मी पाइप कापला, एका हातात वरचा तुकडा, दुसऱ्या हातात खालचा, आणि मधली वायर मीच झालो. पायात रबरी चप्पल होती. पण करंट या हातातून त्या हातात जातो तेव्हा चप्पल काही कामाची नसते, कारण वाट थेट छातीतून असते.

आमच्या धंद्यात खरा धोका बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. करंट दिसत नाही, टाकीतला वायू दिसत नाही, शेवाळाखालची गुळगुळीत लादी दिसत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात. नव्यानं या कामात आलेली मुलं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच घरचा नळ खोलणारे, दोघांसाठीही पुढचं सगळं मी कामाच्याच क्रमानं लिहितो.

पहिली पंधरा मिनिटं: वीज

घरात शिरल्यावर पिशवी उघडू नका. आधी घरमालकाला विचारा: मेन बोर्ड कुठे, इन्व्हर्टर आहे का, मोटरची वायर कुठून गेली, गिझर कुठल्या एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचवर) आहे, सेप्टिक टँक कुठल्या बाजूला. बंद ठेवलेल्या सुट्टीच्या फ्लॅटमध्ये ही उत्तरं देणारं कुणी नसतं. तिथे आणखी दहा मिनिटं घ्या आणि वायरी स्वतः शोधा.

वीज बंद करायची ती एमसीबीवरून, भिंतीवरच्या बटणावरून नाही. जुन्या घरांत कित्येकदा बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद, दिवा विझलेला, तरी गिझरच्या टर्मिनलवर 230 व्होल्ट उभेच. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही काही लाइनी जिवंत राहतात, तेव्हा तोही बंद करा. मग बोर्डावर कागद चिकटवा: ‘काम चालू आहे, चालू करू नका’. तुम्ही न्हाणीत वाकलेले असताना बाहेरून आलेला मुलगा पंखा लागत नाही म्हणून एमसीबी वर करतो. असे अपघात होतात.

टेस्टर वापरायची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून तो पेटतो का पाहा. मग कामाच्या जागी लावा. मग पुन्हा पहिल्या जागी. मधेच टेस्टर बिघडला असेल तर तिसऱ्या पायरीला कळतं. जागा बदलताना टेस्टरचं टोक आणि तुमचा हात दोन्ही कोरडे हवेत.

घरात ईएलसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघा. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी माणसाच्या अंगातून करंट जाऊ लागला की क्षणात लाइन तोडतो. साधा एमसीबी तसं करत नाही; त्याला माणूस आणि बल्ब यांत फरक कळत नाही. ईएलसीबी नसलेल्या घरमालकाला मी दरवेळी सांगतो की माझी मजुरी उद्या द्या, पण तो आधी बसवून घ्या.

आता जुन्या लोखंडी पाइपाबद्दल. कापण्याआधी पाइपावर कुठे वायर किंवा क्लॅम्प आहे का ते विहिरीपासून न्हाणीपर्यंत चालत जाऊन पाहा. टेस्टर लावा. वायर दिसली तर मोटर आणि मेन दोन्ही बंद करा आणि वायरमनला बोलवा. तरीही कापणं भागच असेल तर कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना गंज घासून, क्लॅम्प लावून जाड तांब्याची वायर जोडा आणि मगच हॅकसॉ चालवा. म्हणजे करंटला तुमच्या हातांखेरीज दुसरी वाट राहील. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: लोखंडी पाइप काढून तिथे सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) घातला की त्या घराची अर्थिंगच गेली. काम चांगलं झालं, पाणी छान येतं, आणि घर आधीपेक्षा धोकादायक झालं. वेगळी अर्थिंग करून घ्यायला घरमालकाला स्पष्ट सांगा आणि बिलावर तसं लिहून द्या.

मोटरवर काम असेल तर वीज बंद केल्यावरही स्टार्टरमधल्या कॅपॅसिटरला लगेच हात लावू नका. त्यात चार्ज साठून राहतो. तो उतरवण्याचं काम वायरमनचं. भूमिगत टाकीत किंवा विहिरीत सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेला पंप) चालू असताना पाण्यात पाय घालायचा नाही, एक पायही नाही. आत उजेड लागला तर बॅटरीचा टॉर्च घ्या. वायरला लोंबणारा बल्ब ओल्या जागेत कधीच नको.

पाणी बंद करणं आणि प्रेशर सोडणं

हा भाग सोपा आहे, पण क्रम चुकला तर घर भिजतं आणि घाईत माणूस घसरतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, मग सगळ्यात खालचा नळ उघडा, वरचाही एक उघडा म्हणजे हवा शिरून पाइप रिकामा होतो. जुना गेट व्हॉल्व्ह फिरतो पण पूर्ण बसत नाही. धार थांबली की पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. प्रेशर पंप असेल तर तो आधी बंद करा. युनियन (पाइपाचा खोलता येणारा जोड) एकदम सोडू नका, अर्धा आटा सोडून पाणी येतं का पाहा, तोंड बाजूला ठेवून.

पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलताना तो निसटला की बोटांचे सांधे भिंतीवर आपटतात. पाना लहान पडतो म्हणून दांड्यात पाइप घालून जोर लावू नका, मोठा पाना आणा.

गिझर

साठवणीच्या गिझरला हात लावण्याआधी वीज बंद करून तास-दोन तास थांबा, किंवा गरम पाण्याचा नळ सोडून पाणी गार येईपर्यंत वाट पाहा. 60 अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं. गिझरवर प्रेशर सोडणारा एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो थेंब थेंब गळतो म्हणून लोक प्लग मारून बंद करून घ्यायला सांगतात. हे काम कुणी कितीही पैसे दिले तरी करू नका. थर्मोस्टॅट अडकला आणि वाफेला वाट नसली की गिझर बॉम्बसारखा फुटतो. गळणारा व्हॉल्व्ह बदलायचा, बुजवायचा नाही.

गोव्यात एक वेगळी अडचण आहे: चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत. चिरा भुसभुशीत आणि भोकाभोकांचा असतो, त्यात अँकर फास्टनर (भिंतीत रुतणारा बोल्ट) घट्ट न बसता नुसता फिरत राहतो. 25 लिटरच्या गिझरमध्ये पाणीच 25 किलो, वर त्याचं स्वतःचं वजन. आवळताना फास्टनर फिरला तर तिथे गिझर टांगू नका. आरपार बोल्ट घालून मागून प्लेट द्या किंवा आरसीसी बीमला लटकवा. खाली आंघोळ करणारा माणूस बसलेला असतो, हे डोळ्यांसमोर ठेवा.

गॅस गिझर बंद न्हाणीत बसवायला सांगितला तर नकार द्या. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर हवेशीर जागी बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा.

झिरी, ग्राइंडर आणि सोल्युशन

भिंतीला झिरी मारताना बटणाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरी असतात असं धरून चाला. डोळ्यांवर गॉगल हवाच. छिन्नीचं डोकं मशरूमसारखं पसरलं असेल तर ते घासून घ्या, नाहीतर त्याचा कपचा उडून डोळ्यात जातो. ग्राइंडरचा गार्ड काढून काम करणारे मी रोज पाहतो. फुटलेल्या ब्लेडचा तुकडा कुठे जातो हे एकदा पाहिलं की माणूस गार्ड पुन्हा काढत नाही. जुने सिमेंटचे पत्रे आणि पाइप ग्राइंडरनं कोरडे कापू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि ते फुप्फुसात बसलं की आजार कित्येक वर्षांनी वर येतो.

पीव्हीसी जोडायचं सोल्युशन आपण सहज वापरतो. त्याची वाफ डोकं गरगरवते आणि ती पेट घेते. बंद न्हाणीत, खिडकी लावून, तोंडात विडी धरून जोड मारणं म्हणजे पेट्रोलच्या डब्याशेजारी काडी ओढणं. खिडकी उघडा, दार उघडा, पंखा बाहेरून लावा, डब्याचं झाकण लगेच बंद करा. पाइप वाकवायला किंवा त्याचं तोंड मोठं करायला तो आगीवर धरू नका. पीव्हीसी जळला की निघणाऱ्या धुरात आम्लवायू असतो. कपलिंग आणि एल्बो (जोडाचे तयार तुकडे) स्वस्त आहेत, फुप्फुस नाही. जोड सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. लाइन तपासायची तर पाण्यानं तपासा, हवेच्या कॉम्प्रेसरनं नको, कारण हवेनं फुगलेला प्लास्टिक पाइप तुकडे होऊन उडतो.

गच्ची, कौलं, शिडी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे गच्ची, पायऱ्या, कंपाउंडचे चिरे सगळ्यांवर हिरवं शेवाळ चढतं. वर जाण्याआधी लोखंडी ब्रशनं चालायची वाट घासून घ्या. शिडी लावताना वरची टेकायची जागा जितकी उंच, त्याच्या चौथ्या भागाइतका शिडीचा पाय भिंतीपासून दूर हवा. बारा फुटांवर टेकली असेल तर पाय तीन फूट लांब. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट निघालेली असावी. खाली धरायला माणूस हवा, वर दोरीनं बांधायला हवं. पाइप दोरीनं वर ओढून घ्या, खांद्यावर टाकून चढू नका. दोन्ही हात शिडीला पाहिजेत.

मंगलोरी कौलांवर पाय देऊ नका. जाणं भागच असेल तर कमीत कमी दोन वाशांवर टेकेल अशी फळी टाका आणि तिच्यावरूनच चाला. ढग गडगडले की खाली या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा जास्त पडतात, तेव्हा टाकीची कामं सकाळी उरकून घ्या.

तुंबलेली लाइन

आधी विचारा: आत काय काय ओतलं? घरमालकानं सकाळी अ‍ॅसिड ओतलेलं असतं, दुपारी ब्लीचिंगचं पाणी, आणि संध्याकाळी आपल्याला बोलावतात. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. कॉस्टिक सोड्यावर अ‍ॅसिड पडलं की ते उकळून तोंडावर उडतं. उत्तर नीट मिळालं नाही तर आत अ‍ॅसिड आहे असंच समजा: भरपूर पाणी सोडा, खिडक्या उघडा, रबरी हातमोजे आणि गॉगल घालून आधी रॉड चालवून पाहा. डोळ्यात काही गेलं तर वाहत्या पाण्यानं किमान पंधरा मिनिटं धुवा, मग डॉक्टरकडे.

चेंबरचं झाकण हातानं उचलू नका, पहारीनं एका बाजूनं उचला आणि दुसऱ्या बाजूला उभे राहा. झाकणाखाली गारव्याला साप बसलेला असतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विषारी साप गोव्यात आहेत. आधी काठीनं ठोका, टॉर्च मारा, मग हात. चावलाच तर कापणं, चोखणं, बांधणं काही नको. माणसाला हलवू नका आणि 108 बोलवा.

पावसात गटाराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो अंगावरच्या जखमेतून शिरतो. ओरखडा असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावा, गमबूट आणि लांब हातमोजे घाला, काम संपल्यावर साबणानं धुतल्याशिवाय चहाचा कप हातात घेऊ नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी गटाराचं काम करतो’ हे स्वतःहून सांगा. तेवढ्या एका वाक्यानं डॉक्टरांना वेळेत कळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते पाकिटात लिहून ठेवा.

पाइप पुरायला चर खणायचा असेल तर खणलेली माती कडेपासून तीन फूट दूर टाका. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार दिल्याशिवाय कुणी उतरू नये. जांभ्याची माती उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते आणि दोन पावसांनंतर अंगावर येते. चिऱ्याच्या कंपाउंडला लागून खणताना तर भिंतच चरात कोसळते.

सेप्टिक टँक आणि बांय

इथे मी सावकाश लिहिणार आहे, कारण इथे गेलेले लोक परत येत नाहीत.

सेप्टिक टँकमध्ये मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. पहिल्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. पण वास हा इशारा आहे असं धरून चाललात तर फसाल, कारण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि खरं तर उलट असतं. हजार भागांजवळ माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा थोडा जड आहे, म्हणून टाकीच्या तळाशी राहतो. वरून वाकून पाहिलं तर सगळं ठीक वाटतं. आणखी वाईट म्हणजे तो गाळात विरघळून बसलेला असतो. बंद सोड्याची बाटली हलवल्यासारखा, फावडं घातलं की एकदम वर येतो. सकाळपासून झाकण उघडं ठेवलं होतं, म्हणून टाकी सुरक्षित असं नसतं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क वायू अडवत नाही.

म्हणून नियम एकच: सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. टँकर बोलवून पाइपानं उपसून घ्यायचं. लाइन जाम असेल तर चेंबरमधून, वर उभं राहून रॉड चालवायचा. झाकणाच्या जुन्या लादीवर उभे राहू नका, खालची सळी गंजलेली असते. झाकण उघडं असेपर्यंत आसपास विडी, काडी, ग्राइंडर काही नको, आणि पोरं-गुरं येऊ नयेत म्हणून भोवती दोरी बांधा.

‘पाच मिनिटं उतर, बाकीचे उतरतात’ असं म्हणणारा पात्रांव (मालक) भेटतो. त्याला हे सांगा: 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी किमान 30 लाख रुपये भरपाई ठरवून दिली. त्या मुलाच्या आईला पैसे नको असतात, हेही त्याला सांगा.

बांय, म्हणजे आपली विहीर, हिची गोष्ट लोकांना सोपी वाटते. 24 जूनला सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, पोरं त्याच विहिरीत उड्या मारतात, मग उपसायला उतरण्यात काय आहे? उडी मारायच्या वेळी विहीर पाण्यानं भरलेली असते आणि हवा वर असते. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, गाळ कुजत असतो, आणि खोल अरुंद विहिरीत वारा पोहोचत नाही. त्यात कुणी पेट्रोलचा पंप दोरीनं खाली सोडून चालू केला की त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहीर भरून टाकतो. इंजिनाचा पंप नेहमी वर, विहिरीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

जुनी माणसं दिवा सोडून पाहायची. दिवा विझला तर उतरायचं नाही, हे बरोबरच आहे. पण दिवा पेटता राहिला म्हणून उतरणं चूक आहे: ज्योतीला फक्त प्राणवायू कळतो, कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड कळत नाही. आणि मिथेन असेल तर तोच दिवा भडका उडवतो. वायू मोजायचं यंत्र, वरून हवा फेकणारा ब्लोअर, अंगाला हार्नेस (पट्टे) आणि त्याला दोरी, वर ती दोरी ओढू शकणारी दोन माणसं, इतकं असेल तरच विहिरीत माणूस. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली दाखवला तर तेव्हाही नाही. जी भूमिगत पाण्याची टाकी कित्येक महिने बंद आहे, किंवा जिच्यात आतून वॉटरप्रूफिंगचं कोटिंग मारलं आहे, तिलाही हाच नियम.

आणि समजा सगळं सांगूनही कुणी आत पडला. हाका मारल्या, उत्तर नाही. त्या क्षणी वरच्या माणसाचे पाय आपोआप कठड्याकडे जातात, भाऊ असतो, मुलगा असतो. एकापाठोपाठ एक उतरून तिघे-चौघे जातात ते असेच. वरच्या माणसाला मिठी मारून धरा, पण उतरू देऊ नका. 101 वर फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: ‘टाकीत माणूस पडला आहे, आत विषारी वायू आहे’. म्हणजे अग्निशामक दलाचे जवान श्वसनाचे सिलिंडर चढवूनच येतील. दुसऱ्या फोनवरून 108. तोवर दुसरं झाकण उघडा, ब्लोअर असेल तर बाहेरची ताजी हवा आत सोडा, आतला माणूस हलत असेल तर गाठ मारलेली दोरी टाका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, त्याच्या तोंडातला वायू तुमच्यात जाईल. आणि तो उठून बसला, पाणी मागितलं, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला हॉस्पिटलमध्ये न्याच. या वायूनं फुप्फुसात पाणी भरतं ते कित्येकदा काही तासांनी, माणूस घरी जाऊन झोपल्यावर.